त्रिनिदादची दुसरी फेरी : नियोजनाच्या नोंदी

१४ जानेवारी २०१८, रविवार

आज संक्रांत. दापोलीला फोन करून आई-बाबांना गोड बोलले आणि ठरवूनच टाकलं. मे महिन्यात ते दोघं इकडे अमेरिकेत एडिसनला आले की सगळ्यांनी मिळून त्रिनिदादला, त्या कॅरिबियन बेटावर जायचं. नवरा, लेक, आई, बाबा आणि मी. आजपासून ही वही.

पहिल्या फेरीचं आधी लिहून ठेवते, म्हणजे दुसरी कशासाठी ते विसरायला नको. २०१३ साली ऑफिसच्या कामाने चार दिवस पोर्ट ऑफ स्पेनला, तिथल्या राजधानीत होते. तीन दिवस मीटिंगांत गेले. चौथ्या दुपारी कारोनीच्या खाजणात लाल पक्षी बघायला एका टूरवाल्याची गाडी ठरवली. होड्या चारच्या सुमारास सुटतात. त्याने मला धक्क्यावर पोचवलं पावणेसहाला, आणि सोडून निघूनही गेला. धक्का रिकामा. तिवरांच्या शेंड्यांवरून लांब एक लाल रेघ सरकली, मग दुसरी, आणि अंधार पडला.

तिथे एक टॅक्सीवाला उभा होता. माझं विमान रात्रीचं, हातात पाच तास. तो म्हणाला, उपाशी कशी जाणार, घर वाटेतच आहे. दारातून त्याने हाक मारली, "आजी!" मी चमकले. बापाच्या आईला तिथे आजी म्हणतात, बापाच्या बापाला आजा. भोजपुरीतून आलेले शब्द, पण माझ्या कानाला ते आमच्या ओटीवरचेच होते. आजी ओट्याशी अळूची पानं निवडत होती. पान उलटं धरून मधली जाड शीर अंगठ्याच्या नखाने सोलायची आणि पान मांडीवर थोपटून सपाट करायचं. माझी आई हे अगदी असंच करते. त्या पानांचं मग डाळीच्या पिठात साहीना झालं, तळलेलं, वर चिंचेची चटणी. मी सहा खाल्ले.

तेव्हापासून मनात आहे की आईला त्या स्वयंपाकघरात नेऊन उभं करायचं.

२१ जानेवारी, रविवार

आधी तारखा. बेटावर काय बघायचं ते कधी जाणार यावरच ठरतं.

कार्निव्हल यंदा १२ आणि १३ फेब्रुवारीला, म्हणजे आई-बाबा येण्याआधीच. दिवाळीला तिथे १९६६ पासून सरकारी सुट्टी असते आणि चगवानासला दिवाळीनगर भरतं, पण तोवर आई-बाबा परत गेलेले असतील. उरतो मे अखेर. कोरडा हंगाम संपून पाऊस तोंडावर आलेला असतो. कोकणातल्या माणसाला पावसाची कसली भीती. शिवाय त्रिनिदाद दहा-अकरा अंश अक्षांशावर, चक्रीवादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला पडतं.

मे अखेरच्या बाजूने दोन भक्कम कारणं आहेत. एक म्हणजे कासवं, त्याबद्दल वेगळं लिहीन. दुसरं ३० मे. १८४५ साली त्याच तारखेला 'फातेल रझाक' हे जहाज कलकत्त्याहून २२५ माणसं घेऊन पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. १६ फेब्रुवारीला निघालं होतं, १०३ दिवस समुद्रात. पुढे १९१७ पर्यंत सुमारे एक लाख चाळीस हजारांहून अधिक लोक उसाच्या मळ्यांवर करारावर नेले गेले. ३० मे तिथे 'इंडियन अरायव्हल डे' म्हणून पाळतात, सुट्टी असते. न्यूयॉर्कहून आपण पाच तासांत पोचणार, आणि उन्हाळ्यात घड्याळही बदलावं लागत नाही.

३ फेब्रुवारी, शनिवार

कासवं. लेकीला दोन वर्षांपूर्वी वेळासला नेलं होतं. वाळूवर पालथी घातलेली टोपली सगळ्यांच्या देखत उचलतात आणि खाली ऑलिव्ह रिडलेची पिल्लं वळवळत असतात. तळहातावर मावतील एवढी. लाटेपर्यंतचं अंतर तोडायला त्यांना दहा मिनिटं लागली आणि तेवढा वेळ लेक श्वास रोखून बसली होती.

त्रिनिदादच्या ईशान्य टोकाला ग्रान्द रिव्हिएर गावाच्या किनाऱ्यावर लेदरबॅक येतात, कातडी पाठीची कासवं, जगातली सगळ्यांत मोठी. ऑलिव्ह रिडलेची मादी चाळीसेक किलोची. ही तीन-चारशे किलोची सहज भरते, लांबीला दीड मीटरच्या पुढे. मार्च ते ऑगस्ट हंगाम, एप्रिल ते जून भर. भरात एका रात्री शेकडो माद्या एवढ्याशा किनाऱ्यावर चढतात. गर्दी इतकी की नंतर आलेली मादी आधीचीचं घरटं उकरून काढते आणि ती अंडी सकाळी गिधाडं खातात.

नियम कडक आहेत आणि ते मला आवडले. हंगामात रात्री किनाऱ्यावर जायला वनखात्याचा परवाना आणि सोबत वाटाड्या लागतो. पांढरा उजेड चालत नाही, फक्त लाल. फ्लॅश अजिबात नाही. मादीने खड्डा खणून अंडी घालायला सुरुवात केली की ती कशानेच विचलित होत नाही, तेव्हाच वाटाड्या जवळ नेतो. डोळ्यांतून पाणी गळताना दिसतं, ते शरीरातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकणं असतं. लेकीला हे आधीच सांगून ठेवलं, नाहीतर तीही रडेल.

मातुरा जवळ पडतं आणि तिथेही कासवं येतात. गावच्या लोकांनी १९९० पासून तिथे राखण चालवली आहे. पण तिथून रात्री परतीचा प्रवास करावा लागेल. ग्रान्द रिव्हिएरला किनाऱ्यालगतच खोल्या आहेत. बाबांच्या गुडघ्यांसाठी तेच बरं. दोन रात्री ठेवू, एक पावसात गेली तर दुसरी हाताशी.

११ फेब्रुवारी, रविवार

टॅक्सीवाल्याला फोन लावला. पाच वर्षांनी नंबर लागेल असं वाटलं नव्हतं. लागला! मागे एवढा ढणढणाट की निम्मं ऐकूच आलं नाही. उद्या पहाटे चारला कार्निव्हलचं जूव्हे सुरू, म्हणजे अंगाला चिखल-रंग फासून रस्त्यावर उतरायचं, आणि तो दोन दिवस प्रवासी वाहणार.

आधी आजीचं विचारलं. आहे, ठणठणीत आहे. डोळ्याचं ऑपरेशन झालं. "अळूवाली पाहुणी" म्हणून माझी आठवण काढते म्हणे.

सगळे दिवस त्याचीच गाडी घ्यायची असं ठरलं. एरवी तिथे मॅक्सी-टॅक्सी फिरतात, पांढऱ्या गाडीवर पट्टा. पोर्ट ऑफ स्पेनच्या आसपास पिवळा, पूर्वेकडे लाल, मध्य आणि दक्षिणेला हिरवा. भाड्याच्या टॅक्सीचा नंबर 'एच'ने सुरू होतो, तो बघितल्याशिवाय बसायचं नाही. रस्त्याच्या डाव्या बाजूने गाड्या चालतात. नवऱ्याला स्वतः चालवायची हौस होती, पण उत्तरेकडची घाटवळणं आणि रात्रीचा अंधार बघता मी नाही म्हटलं.

२५ फेब्रुवारी, रविवार

कागदपत्रं. आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे, तपासला.

एक गोष्ट थोडक्यात निसटत होती. भारत सरकारच्या यादीत त्रिनिदाद पीतज्वराचा प्रदेश आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत लशीच्या दाखल्याशिवाय भारतात उतरलं तर विलग ठेवतात. आई-बाबा सप्टेंबरात परतणार, म्हणजे तो प्रश्न नाही. पण आपण जंगलाकडेला राहणार आहोत, लस घेतलेली बरी. बाबांना साठ पूर्ण झाली, आणि साठीनंतर ही लस देताना डॉक्टर जास्त विचार करतात. दाखला चालायला प्रवासाच्या दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि मुंबईत ठरावीक केंद्रांवरच मिळते. दोघांनी एप्रिलमध्ये जावं, बाबांचे सगळे रिपोर्ट सोबत न्यावेत, आणि डॉक्टर म्हणतील तसं.

११ मार्च, रविवार

बाबांशी दीड तास फोन. ४७ वर्षांपूर्वी याच आठवड्यात भारत पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर जिंकला होता, त्यांनीच आठवण करून दिली.

१९७१, ६ ते १० मार्च. बाबा तेव्हा तेरा वर्षांचे. कात्रणांची वही अजून आहे, खळीने चिकटवलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. वही न उघडता त्यांनी पूर्ण सामना सांगितला. पहिल्याच चेंडूवर आबिद अलीने रॉय फ्रेडरिक्सचा त्रिफळा उडवला. वेस्ट इंडीज २१४. मग मडगावच्या दिलीप सरदेसाईंचे ११२, सोलकरचे ५५, आणि पहिलाच कसोटी सामना खेळणाऱ्या गावसकरचे ६५. दुसऱ्या डावात दुर्राणीने लॉईड आणि सोबर्स पाठोपाठ काढले. जिंकायला १२४ हवे होते, तीन गडी गमावून केले, गावसकर नाबाद ६७. वेस्ट इंडीजवर भारताचा पहिला कसोटी विजय, कर्णधार वाडेकर. एप्रिलमध्ये पाचवी कसोटी त्याच मैदानावर, दाढ ठणकत असताना गावसकरचे १२४ आणि २२०. चार कसोटींत ७७४ धावा. पुन्हा १९७६ ला तिथेच ४०३ चा पाठलाग, चार गडी गमावून.

"मला नुसतं आत जाऊन बसायचंय," बाबा म्हणाले. "समोर डोंगर दिसतात ना, ते फोटोत बघितलेत."

ओव्हल दुसऱ्या यादीत होतं. पहिल्या यादीत घेतलं.

२ एप्रिल, सोमवार

बाबांचा फोन, त्यांच्याकडची रात्र. एरवी नऊला झोपणारा माणूस. श्रीलंकेच्या दौऱ्याचं वेळापत्रक वाचलं त्यांनी : पहिली कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला, ६ जूनपासून.

सगळ्या तारखा पुन्हा मांडल्या. २४ मे ते १ जून असं धरलं होतं. आता २९ मेला निघायचं, ८ जूनला परत. ३० मे सापडतो, कासवं सापडतात आणि कसोटीचे पहिले दोन दिवस मिळतात. रजा तीन दिवसांनी वाढते. लेकीची शाळा बुडते, तिच्या बाईंना चिठ्ठी लिहिली. नवऱ्याने बॉसला विचारलं, हो म्हणाला. खर्चही वाढतोय. चालेल, या एका गोष्टीसाठी मी काहीही वाढवायला तयार आहे.

टॅक्सीवाल्याला कळवलं तर त्याने आजीला फोन दिला. आजा १९७१ मध्ये गावसकरची ती मोठी खेळी बघायला गेला होता म्हणे. ऊसतोडणी भरात होती, एका दिवसाची मजुरी बुडवली आणि त्यावरून घरात भांडण झालं. आजीला ते भांडण शब्दन् शब्द आठवतं. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

१५ एप्रिल, रविवार

अडचण. ३० मे बुधवार, अरायव्हल डे. ३१ मे गुरुवार, कॉर्पस क्रिस्टी, तीही सुट्टी. आम्ही २९ ला रात्री पोचणार. म्हणजे राजधानीतल्या कचेरीत जाऊन कासवांचा परवाना काढायचा बेत बारगळला. टॅक्सीवाल्याने चौकशी केली : ग्रान्द रिव्हिएरला वाटाड्यांच्या केंद्रावरच परवाना मिळतो. त्याच्याकडून नावं नोंदवून घेतली.

दोन्ही सुट्ट्या आता पथ्यावर पडल्या. कॉर्पस क्रिस्टीला तिथे रोपं लावायची पद्धत आहे, पाऊस येणार म्हणून. आपल्या मृगाच्या पेरणीसारखंच. त्या दिवशी आजीच्या परसात अळू लावतात. आई तिथेच असेल.

२९ एप्रिल, रविवार

दक्षिणेचा दिवस. ला ब्रेचा पिच लेक, म्हणजे डांबराचा तलाव. सुमारे शंभर एकर, नैसर्गिक डांबराचा जगातला सगळ्यांत मोठा साठा. १५९५ साली वॉल्टर रॅलीने इथल्याच डांबराने आपली जहाजं बुजवली होती. वरून हत्तीच्या कातडीसारखा, मधूनमधून सुरकुत्यांत पाणी साचलेलं. त्यावरून चालता येतं, पण काही ठिकाणी पाय रुततो म्हणून वाटाड्या हवाच. काढलेल्या डांबराचा खड्डा हळूहळू आपोआप भरून येतो. आई म्हणाली, "डांबर बघायला एवढ्या लांब?" पण बाबांना जायचंय, नवऱ्यालाही. वाटेत डेबेला थांबायचं, तिथे रस्त्याकडेला साहीना, कचोरी, फुलौरी, आलू पाय म्हणजे बटाटा भरून तळलेला 'पाय'. आईला तिथवर पटवलं.

काय गाळलं तेही लिहिते. टोबॅगो गाळलं, दहा दिवसांत दोन बेटं म्हणजे बंदरावरच अर्धा जीव जातो. माराकासचा किनारा सुंदर आहे, पण समुद्राला ओढ फार, आणि सुंदर किनारा दापोलीकरांना दाखवायला विमानाने न्यायची गरज नाही. नेल्सन बेट गाळताना वाईट वाटलं. १८६६ पासून तिथे जहाजांतून उतरलेल्या मजुरांना आधी ठेवत, तपासत आणि मग मळ्यांवर धाडत. होडीच्या सहलींचे दिवस आपल्या तारखांशी जुळले नाहीत.

१२ मे, शनिवार

आई-बाबा पोचले. लस दोघांनाही मिळाली, डॉक्टरांनी बाबांचे रिपोर्ट नीट बघून दिली. बाबांच्या बॅगेत कात्रणांची वही, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली.

आईने पंचांग काढलं. १६ मेपासून अधिक ज्येष्ठ. मला कल्पनाच नव्हती. म्हणजे आख्खी सहल धोंड्याच्या महिन्यात! मला वाटलं आता आई मोडता घालणार. उलट ती म्हणाली, अधिकात देवदर्शन चांगलंच, तिथे देऊळ आहे का सांग.

आहे, आणि कसलं देऊळ! वॉटरलूला शिवदास साधू नावाचा मळ्यावरचा मजूर होता. १९४७ साली त्याने किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची निघाली. १९५२ मध्ये देऊळ पाडलं गेलं, त्याला दंड झाला, तुरुंगात टाकलं. सुटून आल्यावर तो म्हणाला, जमीन तुमची, समुद्र कुणाचाच नाही. सायकलवरून दगड आणि सिमेंट वाहून, ओहोटीच्या चिखलात पिंपं रोवून ती भरायची, असं करत त्याने वर्षानुवर्षं एकट्याने भराव घातला आणि पाण्यात देऊळ उभं केलं. लाटांनी ते खाल्लं. १९९५ ला, अरायव्हलला दीडशे वर्षं झाली तेव्हा, नव्याने बांधून पूर्ण केलं. शेजारीच चिता जाळायचा घाट आहे. भरतीला देवळाच्या तिन्ही बाजूंना पाणी, ओहोटीला चिखल. ३० मेला सकाळीच तिथे जायचं.

तिथून थोड्याच अंतरावर कारापिचैमाला ८५ फुटी हनुमान आणि दत्तात्रेयाचं मंदिर. दत्ताचं नाव ऐकून आई उठून बसली. गुरुचरित्राचं पारायण करणारी बाई, नरसोबाच्या वाडीला दर वर्षी जाते. कॅरिबियनमध्ये दत्त भेटेल असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

२० मे, रविवार

शेवटचा आराखडा. फ्रिजवर लावला.

२९ मे रात्री पोचून चगवानास, पहिले तीन मुक्काम तिथेच. ३० ला वॉटरलू आणि कारापिचैमा. ३१ ला सकाळी आजीकडे, दुपारी कारोनी. १ जूनला ग्रान्द रिव्हिएर, वालेन्सिया आणि टोकोच्या रस्त्याने तीन तास धरायचे, दोन रात्री. ३ ला परत. ४ ला डेबे आणि पिच लेक. ५ रिकामा. तो मी मुद्दाम रिकामा ठेवलाय. सवानावर, म्हणजे राजधानीतल्या मोठ्या मैदानावर नारळपाणी प्यावं, बाबांनी झोपावं. ६ आणि ७ ओव्हल. ८ ला विमान.

कारोनीबद्दल एकच अट : धक्क्यावर साडेतीनला हजर. टॅक्सीवाला म्हणाला, तीनला नेतो. सपाट बुडाची होडी तिवरांमधल्या चिंचोळ्या पाण्यातून जाते. फांद्यांवर साप वेटोळं करून निजलेले असतात, हे आईला अजून सांगितलेलं नाही. पुढे पाणी मोकळं होतं, होडी थांबवतात आणि गप्प बसायचं. मग लाल शराटी थव्यांनी येऊन बेटावरच्या झाडांवर बसतात, हिरवं झाड बघताबघता लाल होतं. खाजणातल्या खेकड्यांतून आणि कोळंबीतून तो रंग त्यांच्या अंगात उतरतो. पिल्लं करडीच असतात. लेकीने विचारलं, मग आपण एवढ्या कुर्ल्या खातो तरी लाल का होत नाही? बाबा म्हणाले, होडीवाल्याला विचारू.

२८ मे, सोमवार

मेमोरियल डे, इथली सुट्टी. बॅगा बांधून झाल्या. दोन टॉर्चवर लाल जिलेटिन कागद चढवून रबर लावले, अंधाऱ्या न्हाणीघरात लेकीने तपासले. डासांचं मलम, बाबांचे गुडघ्याचे पट्टे, गोळ्या, लशीचे दाखले, पिच लेकसाठी जुने बूट. कात्रणांची वही बाबा हातातल्या पिशवीतच ठेवणार, बॅगेत देत नाहीत.

आईने गेले चार दिवस अनारसे केले. ३३ जावयाला वाण म्हणून दिले, चांदीच्या निरांजनासकट, नवरा अगदी संकोचून गेला होता. शेवटचा घाणा तिने वेगळा काढला. एकेक अनारसा टिश्यूत गुंडाळून स्टीलच्या डब्यात रचला आणि झाकणाला चिकटपट्टी लावली. म्हटलं, कुणासाठी? म्हणाली, "तुझ्या त्या आजीसाठी. रिकाम्या हाताने कशी जाऊ?"

रात्री टॅक्सीवाल्याचा निरोप आला. उद्या विमानतळावर तो स्वतः येणार. आजी विचारतेय, तुझ्या आईला तिखट चालतं का.

चालतं म्हणून कळवलं.